एक हजार ऐंशी पिक्सेलांची रुंदी

लग्नपत्रिकेत सगळ्यात बारीक अक्षरं पत्त्याला असतात. वर कुळदैवत, मग वधूवरांची ठळक नावं, मग निमंत्रकांची रांग, आणि कागद संपत आला की उरलेल्या जागेत मंगल कार्यालय, खुणेचा पेट्रोल पंप आणि मुहूर्ताची वेळ. पाहुण्याला खरी गरज याच ओळींची. कागदावर त्या ८ पॉइंटांत असल्या, तरी चष्मा लावून, पत्रिका उजेडात धरून वाचता येतात.

तीच पत्रिका फोनवर आली की काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. पत्रिका ५ इंच रुंद आणि ७ इंच उंच धरू. हातातल्या फोनचा पडदा साधारण २.७ इंच रुंद. म्हणजे पत्रिका जवळजवळ निम्मी झाली आणि ८ पॉइंटांची ओळ सव्वाचार पॉइंटांच्या आसपास आली. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा टाइपही याहून मोठा असतो. वाचणारा दोन बोटांनी चित्र मोठं करतो. अक्षर मोठं होतं, पण सोबत त्याच्या कडा विरघळलेल्या दिसतात, कारण छपाईसाठी १५०० बाय २१०० पिक्सेलांची केलेली ती फाइल साध्या पद्धतीने पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपने तिची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलांवर आणलेली असते आणि वरून आणखी दाबलेली असते.

गिरगावात खाडिलकर रोडवर पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत. तिथे अजूनही लोक कागद बोटांनी चाचपून बघतात, सोनेरी शाई उजेडात तिरपी धरून बघतात. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. पण बहुतेक घरांचा व्यवहार आता असा झाला आहे, की कागदी प्रती मोजक्या आणि फोनवरची प्रत सगळ्यांना. म्हणजे पत्रिका बहुसंख्य पाहुण्यांपर्यंत पोचते ती फोनवर, आणि त्या प्रतीचं माप मात्र कुणी ठरवलेलंच नसतं. ‘पार्टी म्हणते, हेच जेपीजी करून द्या,’ एका दुकानातला मजकूर जुळवणारा तरुण सांगत होता. ‘मी विचारतो, स्टेटसला ठेवणार का, इन्स्टाला टाकणार का, की नुसतं पाठवणार? त्यावर उत्तर येतं, सगळीकडेच.’

‘सगळीकडे’ असं माप नसतं. हा सगळा लेख या एका वाक्यासाठी आहे.

छापखान्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पानाची फाइल करताना चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा भाग, म्हणजे ब्लीड, सोडायचा, कारण कटिंग मशीनचं पातं केसभर इकडेतिकडे जाऊ शकतं. आणि आतल्या बाजूला मजकूर कडेपासून दूर ठेवायचा, त्याच कारणासाठी. जे कापलं गेलं तरी चालेल ते कडेला, जे कापलं जाताच कामा नये ते आत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर अंकाचं नाव कुठे बसवायचं, हे ठरवतानाही स्टॉलवर अंक एकावर एक मांडले की कोणती पट्टी उघडी राहते, याचा विचार होत आला आहे. पातं कुठून फिरणार हे माहीत असल्यामुळे हे जमत होतं.

फोनवरचं पातं दिसत नाही आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागेवरून फिरतं. म्हणून आधी ते पातं ओळखावं लागतं.

इन्स्टाग्राम २०१० साली आलं तेव्हा त्यावर फक्त चौरस चित्र चालत असे. ऑगस्ट २०१५ मध्ये उभ्या आणि आडव्या चित्रांना परवानगी मिळाली. त्या वेळी कंपनीनेच सांगितलं होतं, की जवळपास पाचातला एक फोटो किंवा व्हिडिओ मुळात चौरस नसतो आणि लोक वर-खाली पट्ट्या जोडून तो चौकटीत बसवतात. तेव्हापासून उभ्या पोस्टचं प्रमाण ४:५ झालं, म्हणजे १०८० बाय १३५०. जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवर दिसणाऱ्या चौकोनांचं प्रमाण चौरसावरून ३:४ झालं आणि त्याच वर्षी ३:४ ची पोस्ट, म्हणजे १०८० बाय १४४०, टाकण्याची सोयही आली. नऊ चौकोन जुळवून एक मोठं चित्र तयार करण्यासाठी कित्येकांनी महिनोन्‌महिने मेहनत घेतली होती. प्रमाण बदललं आणि ती चित्रं विस्कटली. २०१५ पासूनच्या या सगळ्या बदलांत न हललेला आकडा एकच, रुंदीचा: १०८०.

आता आपली ५ बाय ७ ची पत्रिका या पात्याखाली ठेवू. रुंदी १०८० केली की तिची उंची होते १५१२. ४:५ च्या पोस्टमध्ये जागा १३५० चीच. म्हणजे १६२ पिक्सेल जादा, वरून ८१ आणि खालून ८१. वरच्या ८१ पिक्सेलांत काय असतं? ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ आणि कुळदैवत. खालच्या ८१ मध्ये? विवाहस्थळ. चौरसात टाकली तर दोन्हीकडून २१६ पिक्सेल जातात, म्हणजे निमंत्रकांची रांगही गेली. आणि स्टोरीत किंवा स्टेटसला ठेवली तर उलट होतं. १०८० बाय १९२० च्या उभ्या पडद्यावर १५१२ ची पत्रिका सुखाने मावते, वर-खाली २०४ पिक्सेल मोकळे राहतात. त्या मोकळ्या जागेत ज्याने स्टोरी टाकली त्याचं नाव आणि उत्तर लिहिण्याची पट्टी येऊन बसते. पत्रिकेसाठी हीच सर्वांत सोयीची जागा आहे, आणि हे कुणी ठरवून साधलेलं नाही, मापं जुळली इतकंच.

रीलचा हिशेब मात्र दिसतो त्याहून अवघड आहे. पडदा तोच, १०८० बाय १९२०. पण जाहिरातदारांना इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, मेटाची, सूचना अशी, की वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मजकुरापासून मोकळे ठेवा. कारण तिथे खात्याचं नाव, मथळा, बदामाचं चिन्ह, गाण्याचं नाव अशी गर्दी असते. हे टक्के पिक्सेलांत मांडले तर अक्षरांसाठी उरते साधारण ९५० बाय ९८० ची जागा. म्हणजे एवढ्या लांबलचक पडद्यावर लिहिण्यापुरता आपण पुन्हा चौरसात येतो. मराठी रीलवर खाली तळाशी लिहिलेल्या ओळी अर्ध्या झाकलेल्या दिसतात त्याचं कारण हे. ओळ पडद्याच्या मध्याजवळ घेतली की काम झालं, पण ती तळाशी ठेवायची सवय चित्रपटांच्या सबटायटलांनी लावली आहे.

फेसबुकच्या कव्हरचं पातं तर एकाच चित्रावर दोन दिशांनी फिरतं. संगणकावर ते दिसतं ८५१ बाय ३१५, फोनवर ६४० बाय ३६०. पहिलं लांबट, दुसरं त्यामानाने उंच. संगणकासाठी बसवलेल्या चित्राच्या डाव्या-उजव्या कडा फोनवर जातात आणि फोनसाठी बसवलेल्याचा माथा-तळ संगणकावर जातो. गावातल्या वाचनालयाने डाव्या कोपऱ्यात बोधचिन्ह आणि उजव्या कोपऱ्यात स्थापना वर्ष टाकलं असेल, तर फोनवर दोन्ही अर्धवट. यूट्यूब चॅनेलच्या माथ्यावरच्या चित्रात हाच प्रकार टोकाला जातो. चित्र किमान २०४८ बाय ११५२ चं द्यायचं आणि त्यातला सगळीकडे दिसण्याची खात्री असलेला भाग फक्त मधला १२३५ बाय ३३८, एकूण चित्राच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. व्हिडिओच्या दर्शनी चित्राचं, थंबनेलचं, माप १२८० बाय ७२०. ते बदलत नाही, पण त्याच्या उजव्या तळाशी व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी चौकट बसते. कीर्तनकाराचं गाव नेमकं तिथे लिहिलेलं असतं.

तालुक्याच्या गावात हे सगळं काम एकाच माणसाकडे येतं, ते म्हणजे फ्लेक्सवाल्याकडे. आपल्या सार्वजनिक दृश्यांवर गेल्या वीस वर्षांत या लोकांइतका ठसा दुसऱ्या कुणी उमटवला नसेल, आणि त्यांच्या कामाबद्दल गांभीर्याने फार थोडं लिहिलं गेलं आहे. कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर त्यांच्या हातात रुळलेलं असतं. ‘दहा बाय आठ’ म्हटलं की ते फुटांत विचार करतात, रस्त्यापलीकडून काय वाचता येईल हे त्यांना अचूक कळतं. वाढदिवसाचा उभा फ्लेक्स असा रचलेला असतो: वर मोठा फोटो आणि नाव, मध्ये शुभेच्छा, तळाशी शुभेच्छुकांच्या छोट्या फोटोंची पट्टी. तीच रचना जेपीजी होऊन फोनवर जाते. पोस्टच्या चौकटीत बसवताना तळाची पट्टी कापली जाते आणि तिच्यासोबत वर्गणी गोळा करणाऱ्या, मांडव घालणाऱ्या, रात्रभर राबणाऱ्या पोरांचे चेहरे. नेत्याचा फोटो कधीच कापला जात नाही, तो सांभाळूनच चौकट बसवली जाते. मापाच्या अज्ञानाची किंमत नेहमी कडेला उभ्या असलेल्यांनी मोजावी, हे मला सलतं.

एका फ्लेक्सवाल्याने यावर साधा उपाय केला आहे. पडद्यावर तो आधी १०८० बाय १९२० ची चौकट आखतो, तिच्या पोटात ४:५ ची आणि तिच्याही पोटात चौरस. ‘नाव, तारीख, ठिकाण चौरसात. फोटोंची पट्टी दुसऱ्या चौकटीत. बाहेर फक्त फुलं आणि रंग,’ असं त्याने दाखवलं. छापखान्यातला ब्लीड त्याने नकळत फोनवर आणला आहे. यावर मी एवढीच भर घालीन, की ४:५ ची पोस्ट प्रोफाइलवर ३:४ मध्ये दाखवताना डाव्या-उजव्या बाजूचे ३४-३४ पिक्सेल जातात. म्हणून अक्षर कडेला चिकटवू नये.

कापतं कोण, हा प्रश्न एका प्रकरणाने जगभर चर्चेत आणला. ट्विटरने जानेवारी २०१८ पासून लांबट चित्रांची छोटी प्रत आपोआप कापायला सुरुवात केली. माणसाची नजर चित्रात कुठे जाते, याच्या नोंदींवर ती प्रणाली शिकवलेली होती. सप्टेंबर २०२० मध्ये लोकांनी एकाच लांबलचक चित्रात एका टोकाला बराक ओबामा आणि दुसऱ्या टोकाला गोरे सिनेटर मिच मॅकॉनेल यांचे फोटो ठेवून पाहिलं, आणि प्रणाली गोरा चेहरा निवडते असं दिसलं. कंपनीने स्वतः तपासणी करून मे २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले: समान प्रमाणापासून फरक गोऱ्या व्यक्तींच्या बाजूने ४ टक्के, स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के. त्याच महिन्यात फोनवर साध्या प्रमाणातली चित्रं न कापता दाखवायला सुरुवात झाली. पुढे ऑगस्टमध्ये हॅकरांच्या डेफकॉन परिषदेत त्या प्रणालीतले दोष शोधण्याची स्पर्धा झाली. पहिला आलेला बोगदान कुलिनिच याने दाखवलं, की सडपातळ, तरुण, उजळ चेहऱ्यांना ती झुकतं माप देते. तिसऱ्या आलेल्या रोया पाकझाद यांचं काम आपल्यासाठी अधिक महत्त्वाचं आहे. त्यांनी एकच मजकूर दोन लिप्यांत लिहिलेली चित्रं दिली. प्रणालीचा कल रोमन लिपी राखून अरबी लिपी कापण्याकडे होता.

देवनागरीची तशी तपासणी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण आपोआप होणाऱ्या कापणीवर आपली लिपी सोपवू नये, एवढं यातून मी नक्की घेतो.

आपल्या लिपीला मापाची झळ अधिक बसते, याचं कारण तिच्या बांधणीत आहे. रोमन अक्षर बहुतांशी एका पट्टीत उभं राहतं. आपल्या ओळीला तीन मजले लागतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षर. खाली उकार, ऋकार. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं म्हणजे मधल्या अक्षराच्या वाट्याला कमी पिक्सेल येतात. पत्रिकेतलेच शब्द घ्या: ‘मार्गशीर्ष शुद्ध पंचमी’. दोन रफार, ‘द्ध’ ची गाठ आणि एक अनुस्वार. आधीची ८ पॉइंटांची ओळ १०८० च्या रुंदीत सगळी मिळून २४ पिक्सेल उंचीची होते. त्यातला अनुस्वार जेमतेम तीन-चार पिक्सेलांचा, आणि ‘द्ध’ च्या पोटातली मोकळी जागा एक-दोन पिक्सेलांची.

अशा ओळीवर जेपीजी काय करतं ते पडद्यावर चारपट-आठपट मोठं करून बघण्यासारखं आहे. चित्र ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकोनांत तोडलं जातं आणि प्रत्येक चौकोनातल्या ६४ पिक्सेलांचं गणिती रूपांतर होतं. हे रूपांतर शोधणारे नासिर अहमद मूळचे बेंगळुरूचे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९९२ च्या जेपीजी मानकाचा तो पाया ठरला. या पद्धतीत आभाळ, चेहरा, भिंत असे हळूहळू बदलणारे भाग फार थोड्या आकड्यांत मावतात. बारीक आणि धारदार तपशील टाकून दिले जातात, कारण फोटोत डोळ्याला ते फारसे जाणवत नाहीत. पण अक्षराची कड म्हणजे निव्वळ धार. तिथे टाकून दिलेल्या आकड्यांची भरपाई होत नाही आणि अक्षरांभोवती भुरकट ठिपके उमटतात. प्रत्येक वेळी चित्र पुन्हा साठवून, स्क्रीनशॉट काढून पुढे ढकललं की ते वाढत जातात.

रंगाची गोष्ट आणखी वेगळी. उजेडाचा फरक डोळ्याला बारकाईने कळतो, रंगाचा तितका नाही. म्हणून सहसा चार पिक्सेलांमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते. आता भगव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांचा विचार करा. वेबवरच्या सुवाच्यतेच्या मानकात मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला तफावतीचा किमान आकडा ४.५ आहे, मोठ्या अक्षरांसाठी ३. शुद्ध लाल आणि नेहमीचा भगवा यांच्यात तो १.९ च्या आसपास येतो. भगव्यावर पांढरं अक्षर घेतलं तरी २.१ च. लाल-पिवळ्यात ३.७. पिवळ्यावर गडद कुंकवी घेतलं की आकडा थेट १० च्या वर जातो. सणाचा रंग तोच राहतो, फक्त अक्षराचा लाल काळसर करायचा असतो. कोरलड्रॉमधून फाइल काढताना ती छपाईच्या सीएमवायके रंगांत न काढता पडद्याच्या आरजीबीत काढावी हेही याच जोडीने लक्षात ठेवावं, नाहीतर भगवा फोनवर मातकट दिसतो.

मग करायचं काय? माझं मत असं, की छोट्या संस्थेने, मंडळाने, लग्नघराने सगळ्या मापांच्या मागे लागू नये. दोन प्रती पुरतात. एक १०८० बाय १३५०, जी पोस्टलाही चालते आणि नुसती पाठवायलाही. दुसरी १०८० बाय १९२०, स्टेटस आणि स्टोरीसाठी. संकेतस्थळ असेल तर दुव्यासोबत दिसणारं आडवं चित्र १२०० बाय ६३० चं वेगळं करावं, कारण ते न दिल्यास उभ्या फोटोचा मधला तुकडा उचलला जातो आणि फोटोतला चेहरा हनुवटीपासून सुरू होतो. पण या प्रती म्हणजे मोठ्या चित्राच्या लहान आवृत्त्या नव्हेत. कापड बेतताना शिंपी मोठ्या माणसाचा सदरा आखडून लहान मुलाचा करत नाही, नव्याने माप घेतो. तसंच इथे मजकूर नव्याने निवडावा लागतो. फोनच्या प्रतीत नावं, तारीख, वेळ, गाव. निमंत्रकांची पूर्ण यादी दुसऱ्या चित्रावर. १०८० च्या रुंदीत सगळ्यात लहान ओळ ४० पिक्सेलांच्या खाली जाऊ देऊ नये, असं मी स्वतः पाळतो. ती फोनवर साधारण ७ पॉइंटांची होते.

आणि पत्ता चित्राखाली टाइप करावाच. चित्रातलं अक्षर शोधात खात्रीने सापडत नाही, सहज उचलून नकाशात टाकता येत नाही. दृष्टिहीन व्यक्तीचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रातला मजकूर त्याला खात्रीने वाचता येत नाही. निधनवार्ता केवळ चित्र म्हणून फिरते तेव्हा अंत्यदर्शनाची वेळ काही माणसांपर्यंत पोचतच नाही. दोन ओळी टाइप करायला अर्धं मिनिट लागतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मंडळांनी आणि संस्थांनी आजच लक्ष द्यायला हवं: मूळ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑगस्ट २०२३ पासून एचडी फोटो पाठवण्याची सोय आहे, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर तो जसाच्या तसा जातो. तरीही गटांवर जमा होतात ते दाबलेलेच फोटो, आणि मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये होते त्याने फोन बदललेला असतो. पुढे शतकमहोत्सवी स्मरणिका निघते. संपादक फोटो मागवतात. १६०० पिक्सेलांचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापला तर लांब बाजू ५.३ इंचांची होते, म्हणजे जेमतेम अर्धं पान. इन्स्टाग्रामवरून उतरवलेला १०८० रुंदीचा फोटो ३.६ इंचांवर थांबतो. त्याहून मोठा केला की फाटतो.

याउलट सत्तरच्या दशकातल्या मिरवणुकीची ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह कुणाच्या ट्रंकेत नीट राहिली असेल, तर निगेटिव्ह चालणाऱ्या साध्या स्कॅनरवर २४०० डीपीआयला तिची लांब बाजू ३४०० पिक्सेलांची मिळते आणि फोटो ११ इंचांपर्यंत छापता येतो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं लेझीम पथक पानभर येईल आणि दहा वर्षांपूर्वीचं ढोलपथक कोपऱ्यात. यंदाच्या उत्सवाचे फोटो अजून काढणाऱ्यांच्या फोनमध्ये आहेत. ते या महिन्यातच मूळ आकारात मागवून, वर्ष आणि काढणाऱ्याचं नाव लिहून, मंडळाच्या हार्डडिस्कवर ठेवता येतील.